समुद्र थोडा उशिरा येऊ द्या

प्रश्न विचारणारी देवगड तालुक्यातली आहे, नोकरीसाठी मुंबईत राहते. चार-पाच कथा लिहून झाल्या आहेत. वाचणारे सगळे ‘वर्णन फार सुंदर’ म्हणतात, संपादक मात्र काहीच कळवत नाहीत. तिला विचारायचं आहे ते असं: कथेत कमी काय पडतं? मालवणी किती वापरावी? नातेवाइकांनी स्वतःला ओळखलं तर काय करावं? आणि नोकरी सोडून गावी जाऊन लिहावं का? सोबत एक कथा पाठवली आहे. तिच्यात मुंबईला दिलेली आत्या गणपतीला माहेरी येते.

उत्तर जरा लांबेल.

‘वर्णन सुंदर’ हे कौतुक समजू नका. वाचणाऱ्याला दुसरं काही बोलण्यासारखं सापडलं नाही, एवढाच बहुतेक वेळा त्याचा अर्थ असतो. तुमच्या कथेची पहिली दीड पानं समुद्र आहे. मग माड, मग तुळशीवृंदावन, मग शेणाने सारवलेलं खळं, म्हणजे अंगण. आत्या खळ्यात उभी राहते, तिला बालपण आठवतं, पाच दिवसांनी विसर्जन होतं आणि ती डोळे पुसत गाडीत बसते. भाषा तुमची चांगली आहे, हे आधीच सांगतो. पण कोकणातून कथास्पर्धांना येणारं लेखन मी बरीच वर्षं वाचतो आहे आणि ही आत्या मला दर वर्षी भेटते. कधी ती आजी असते आणि ओटीवर मुलाची वाट बघत बसते. मुलगा येतो किंवा आजी जाते. अशा कथांमधलं कुठलंच माणूस कुणाचं काही देणं लागत नाही. सगळी नुसती आठवत असतात.

माझा मुख्य सल्ला इथेच सांगून टाकतो, बाकीचं सगळं त्यातूनच निघेल. पात्र कुणाचं काय देणं लागतं आणि त्याचं देणं कोण लागतं, हे ठाऊक झाल्याशिवाय कथेचं पहिलं वाक्य लिहू नका. देणं पैशाचंच असतं असं नाही. उपकाराचं असतं, मानपानाचं असतं, नवसाचं असतं. पण पैशापासून सुरुवात करा, कारण नवीन लेखक सगळ्यात जास्त तिथेच गुळमुळीत असतो.

तुमच्या कथेत आत्याच्या भावाची ‘आंब्याची मोठी बाग’ आहे. मोठी म्हणजे किती कलमं? बाग तो स्वतः करतो की मोहोरावरच व्यापाऱ्याला देऊन मोकळा होतो? स्वतः करत असेल तर त्याचं वर्ष कसं जातं ते बघा. थंडी पडली की मोहोर येतो, मोहोरावर तुडतुडे आणि फुलकिडे येतात, फवारण्या सुरू होतात, औषधाच्या दुकानात उधारी चढते. राखणीला गुरखे ठेवायचे, त्यांच्या जेवणाखाण्याचं बघायचं. पेट्या जातात एप्रिल-मेमध्ये, पण वाशीच्या दलालाकडून उचल त्याच्या कितीतरी आधी घेतलेली असते. शेवटी जी पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, हातात येते, तिच्यात भाडं, हमाली आणि ती उचल वजा झालेली असते.

आता समजा, या माणसाने डिसेंबरात उचल घेतली आहे आणि मे महिन्यात घरात लग्न धरलं आहे. जानेवारीच्या मध्यावर एका सकाळी आभाळ भरून येतं. मळभ राहिलं तर मोहोरावर कीड-रोग वाढणार. आता तुम्ही ‘आकाशात ढग होते’ एवढंच लिहिलंत तरी वाचक त्या माणसाबरोबर मान वर करून बघेल. त्या ढगांना काळे, कापसासारखे, उदास असं काहीही म्हणावं लागणार नाही. देणं माहीत असलं की वर्णनाला विशेषणं लागत नाहीत. (जाता जाता: हापूसमधला साका, म्हणजे वरून देखणा आणि आतून बिघडलेला आंबा, माणसाच्या स्वभावाचं प्रतीक म्हणून कृपा करून वापरू नका. माझ्यापर्यंत पोचलेले ते आंबे आता मोजण्यापलीकडे गेले आहेत. साका लेखनात यावा तो पेटी परत आली म्हणून.)

समुद्राचंही तसंच. तुमच्या कथेत मच्छीमारांच्या होड्या क्षितिजावर ‘डुलतात’. त्यातल्या एका होडीवर चढा. मालक कोण, होडी चालवणारा तांडेल कोण, खलाशी कुठले? हंगामाआधी खलाशांना आगाऊ रक्कम दिली आणि त्यातले दोघे आलेच नाहीत, तर त्या मालकाची पहिली फेरी कशी जाते? १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. या ६१ दिवसांत त्या घरी काय शिजतं, दुकानदार किती दिवस वहीत लिहून घेतो, सोनं कुठल्या आठवड्यात गहाण पडतं? रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या मासेमारीत, माणसांना वाटा मिळतो तसा जाळ्याला आणि होडीलाही मिळतो. जाळं ज्याचं आहे तो वाळूत उतरला नाही तरी त्याचा वाटा निघतो. या एका गोष्टीवर दोन भावांची कथा उभी राहते, आणि तिच्यात सूर्यास्त नसला तरी चालतो.

आता तुमच्या आत्याकडे येऊ. ती मला आवडली म्हणून तिच्यावर जरा वेळ घालवतो.

आत्या माहेरी आली आहे. का आली? ‘ओढ वाटली म्हणून’ असं तुम्ही लिहिलं आहे. ओढ वीस वर्षं वाटत होती, मग याच वर्षी का? कोकणातला वाचक तर आणखी एक विचारेल: गणपतीत तिला तिकीट मिळालं कसं? रेल्वेचं आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं, त्याआधी ते १२० दिवस आधी उघडायचं. कथा २०१९ मधली असेल तर आत्याचं येणं चार महिने आधीच ठरलं असलं पाहिजे. म्हणजे वैशाखात कुणाचा तरी फोन आला होता. कुणाचा?

मी असं करून बघेन. घराचा आणि बागेचा सातबारा अजून सामाईक आहे, वडील गेल्यावर वारस म्हणून आत्याचंही नाव लागलं आहे. भावांना घराशेजारी पर्यटकांसाठी चार खोल्या बांधायच्या आहेत, त्यासाठी कर्ज हवं आहे आणि कर्जासाठी कागद साफ हवा आहे. त्यांना आत्याकडून हक्कसोडपत्र, म्हणजे आपला वाटा सोडल्याचा नोंदणी केलेला कागद, पाहिजे. हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. त्यानंतर कोकणातल्या किती बहिणींना माहेरचं बोलावणं अचानक जोरात यायला लागलं, हे तुम्हाला मी सांगायला नको. महामार्गाच्या चौपदरीकरणात ज्यांची जमीन गेली, त्या घरांत तर मोबदला सातबारावरच्या नावांप्रमाणे वाटायची वेळ आली आणि बोलणं बंद झालेल्या भावंडांना एकाच टेबलासमोर उभं राहावं लागलं.

पण एवढ्यावर थांबलात तर लबाड भाऊ आणि भोळी बहीण अशी कथा होईल. ती टीव्हीवर रोज रात्री लागते. म्हणून दुसऱ्या बाजूचं देणं शोधा. आत्याच्या नवऱ्याचं मोठं ऑपरेशन झालं तेव्हा याच थोरल्या भावाने बाग तीन हंगामांसाठी व्यापाऱ्याला देऊन पैसे उभे केले होते. ते त्याने कधी मागितले नाहीत आणि तिने कधी दिले नाहीत. आता ती बोलावणं टाळू शकत नाही, तो कागद पुढे करू शकत नाही आणि गणपती तर पाचच दिवसांचे आहेत. बघा, आपोआप मुदत आली. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती गाडीत बसणार, त्याच्या आत दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जायला हवं, आणि ते कार्यालय सणाच्या सुट्ट्यांमध्ये कुठल्या दिवशी उघडं असेल हे थोरल्याने कॅलेंडरवर आधीच बघून ठेवलेलं आहे.

मग कथा सुरू कुठून करायची? समुद्रावरून नाही. मी अशी करेन:

‘धाकटा स्वतः गाडी घेऊन कणकवली स्टेशनवर उभा होता. लग्नानंतर पहिल्यांदाच तिला घ्यायला कुणी आलं होतं.’

दोन वाक्यं. ‘तिला शंका आली’ असं तिसरं वाक्य मी लिहिलं होतं, ते खोडलं. शंका वाचकाला आली म्हणजे झालं.

मग सकाळची न्याहारी. थोरली भावजय वाढते आहे:

‘अजून एक घावन घे गो.’
‘पुरे, वयनी.’
‘पुरे काय? माहेराक इलंस मा? खा.’

इथे कागदाचा शब्द नाही. पण वाचकाला सातबारा ठाऊक असेल तर त्या घावनात कागदच वाढला जातो आहे हे त्याला कळतं. नवीन लेखकांचे संवाद फसतात ते याच ठिकाणी. त्यांची पात्रं मनातलं बोलतात. आपल्याकडे घरातली माणसं मनातलं सोडून सगळं बोलतात. माशाचा भाव, शेजाऱ्याचा गडगा म्हणजे दगडी कुंपण, कुणाच्या झिलाचं म्हणजे मुलाचं लग्न ठरत नाही, हे सगळं होतं आणि मुख्य विषय गाडीला दहा मिनिटं असताना निघतो. तुमच्या कथेत थोरला भाऊ दुसऱ्याच दिवशी ‘तुला इथे परकं वाटतं का?’ असं विचारतो. मी अजून असा भाऊ पाहिला नाही.

निवेदन कुणाकडे द्यायचं हा यानंतरचा निर्णय, आणि माझ्या मते नवीन लेखक याच निर्णयात सर्वात जास्त घाई करतात. तुम्ही आत्याकडे दिलं आहे, कारण दुःख तिचं आहे. ज्याचं दुःख सर्वात मोठं तो सांगायला लागला की कथा रडकी होण्याचा धोका असतो. लहान पुतण्या? तो पर्याय फार वापरून झाला आहे. दाराआडून ऐकणारी मुलं मराठी कथेत उदंड आहेत. मी असतो तर भावजयीकडे दिलं असतं. ती दिवसभर स्वयंपाकघरात आहे, तिला सगळं ऐकू येतं, ती घावनं वाढते आहे आणि कागद कुठल्या कपाटात आहे हे तिलाच माहीत आहे. हा कागद झाला तर तिला काय मिळणार? सातबारावर तिचं नाव लागणार नाही. खोल्या झाल्या तर पर्यटकांच्या चादरी तीच धुणार. आणि एक गोष्ट तिने या घरात कुणाला सांगितलेली नाही: आठ वर्षांपूर्वी तिच्या माहेरी तिनेही अशीच सही करून दिली आहे. हे तिच्या तोंडून एकदाच, अर्ध्या वाक्यात, भांडी घासताना येऊ द्या. माझ्या दृष्टीने कथा तिथे आहे.

असं पात्र सापडायला एक युक्ती सांगतो. आपल्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात. गावकर ‘बा देवा म्हाराजा’ म्हणून सुरुवात करतो, कोण आलं आहे, त्याच्यावर काय संकट आहे, त्याला काय हवं आहे ते सगळ्यांसमोर मोठ्याने सांगतो आणि उभी असलेली माणसं ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. प्रत्येक महत्त्वाच्या पात्राचं असं एक गाऱ्हाणं वहीत लिहा, मालवणीतच लिहा. मग खाली रेघ मारा आणि तोच माणूस सगळे गेल्यावर गाभाऱ्यासमोर एकटा उभा राहिला तर काय मागेल, ते लिहा. थोरला भाऊ लोकांसमोर ‘घरात एकी ऱ्हवांदे’ म्हणेल. एकटा असताना तो काय म्हणेल? दोन्ही मागण्या सारख्याच निघाल्या तर ते पात्र अजून तयार नाही, त्याच्यावर कथा लिहायला घेऊ नका. हे कागद कथेत कुठेही जाणार नाहीत, पण संवाद लिहिताना त्यांचा उपयोग होतो.

ऋतूबद्दल एक तक्रार आहे, ती तुमच्या एकटीबद्दल नाही. मुंबईत राहणाऱ्यांच्या कोकणकथा मे महिन्यात नाही तर भाद्रपदात घडतात, कारण रजा तेव्हाच मिळते. वाचून वाटावं की गाव उरलेले दहा महिने कुलूप लावून बंद असतं. शिमग्याला जाणारे थोडे, म्हणून पालखी थोड्या कथांत येते. नोव्हेंबरात भाताची झोडणी झाल्यावर लोक काय करतात? फेब्रुवारीत काजू धरायला लागतो तेव्हा कोण कुणाच्या कुंपणात शिरतं? जुलैमध्ये तरवा, म्हणजे भाताची रोपं, तयार आहे आणि लावणीला माणसं मिळत नाहीत, तेव्हा कुणाच्या दारात जावं लागतं, ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याच्या? तुमची पुढची कथा मे आणि गणपती सोडून कुठल्याही महिन्यात घडवून बघा. माहिती कमी पडेल. मग फोन करून विचारा. आई-काका या विषयावर तासभर बोलतील.

पाऊस आला तर त्याने काहीतरी अडवलं पाहिजे, नाहीतर न बोलणाऱ्या दोघांना एका पडवीत कोंडलं पाहिजे. नुसता कौलांवर वाजणारा पाऊस आता कुणी वाचत नाही. वादळाचंही तेच. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने आलं आणि खाली दापोली-मंडणगडपर्यंत माड-पोफळी झोपवून गेलं. त्यावर आलेल्या बहुतेक कथा त्याच दुपारी घडतात: पत्रे उडतात, म्हातारा देवाचं नाव घेतो. मला त्या दुपारपेक्षा पुढची वर्षं जास्त कथेची वाटतात. लावलेला माड धरायला सहा-सात वर्षं जातात. साठीतला माणूस तेव्हा नवीन रोपं लावतो की वाडी विकतो? मुलगा ‘विकूया’ म्हणतो तेव्हा त्याच्याकडे उत्तर काय असतं? वादळात माणसाला निवड नसते, ती वादळ गेल्यावर करावी लागते, आणि कथेला तिचीच गरज असते.

भुताखेतांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण कोकण म्हटलं की तेही येतंच, म्हणून दोन ओळी. देवचार, राखणदार, मुंजा यांना घाबरवण्यासाठी आणलंत तर वाचक दोन पानांत पुढचं ओळखतो. श्रद्धेला खर्च असतो, तो दाखवा. बागेच्या राखणदाराला दर वर्षी कोंबडा द्यायचा असतो. बाग सामाईक, मग कोंबडा कुणी आणायचा? मुंबईचा भाऊ म्हणतो आपला विश्वास नाही, मी पैसे देणार नाही. त्याच वर्षी नेमकी त्याच्या वाट्याची कलमं मोहोरत नाहीत. आता भूत असो वा नसो, घरात भांडण आहे.

मालवणीबद्दल. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत, हा सोपा मार्ग आहे आणि पहिल्या काही कथांसाठी तो पुरेसा आहे. पण तुमच्या कथेत एक गोष्ट खटकली: मालवणी फक्त गडी, म्हातारी आणि विनोद करणारा शेजारी बोलतात. आत्या आणि शिकलेले भाऊ आपसात शुद्ध बोलतात. खऱ्या घरात असं होत नाही. बोली गंमत म्हणून किंवा गरिबी दाखवायला ठेवली की वाचकाला, विशेषतः मालवणी वाचकाला, ते लगेच बोचतं. खरी मजा माणूस भाषा बदलतो तिथे असते. धाकटा भाऊ बँकेच्या साहेबाशी फोनवर प्रमाण मराठीत बोलतो, फोन ठेवून बायकोकडे वळतो तेव्हा मालवणीत येतो आणि आत्याशी कागदाविषयी बोलताना पुन्हा प्रमाण मराठीवर जातो. त्या शेवटच्या वाक्यात तिला कळतं की आपण आता साहेबाच्या बाजूच्या खुर्चीत बसलो आहोत. हे तुम्ही समजावून सांगायचं नाही, नुसतं त्याला तसं बोलू द्यायचं.

बोली कानाने लिहा आणि एकाच गावची लिहा. देवगडची आणि वेंगुर्ल्याची बोली एक नाही, राजापूरच्या वर गेलात की ती संगमेश्वरीकडे झुकते, खाडीकाठच्या मुसलमान वस्तीतली कोकणी वेगळी, गाबितवाड्यातली, म्हणजे गाबित मच्छीमारांच्या वस्तीतली, आणखी वेगळी. प्रत्येक शब्दाचा अर्थ कंसात देऊ नका. ‘माका काय ठावक’ हे नागपूरच्या वाचकालाही संदर्भाने कळतं. न कळणारे शब्द एका पानावर दोन-तीनच असतील एवढं बघितलं की पुरे.

नोकरी सोडू नका. एकतर पैशासाठी, कारण मराठीत कथा लिहून घर चालत नाही; आणि दुसरं म्हणजे गावी राहिल्याने गाव लिहिता येतं असा नियम नाही. श्री. ना. पेंडसे दापोलीकडच्या मुर्डीचे. ‘गारंबीचा बापू’ १९५२ मध्ये आलं तेव्हा ते मुंबईत बेस्टमध्ये नोकरी करत होते. उलट वि. स. खांडेकर सांगलीचे, १९२० मध्ये शाळेत शिकवायला शिरोड्याला आले, त्या गावात राहिले आणि तिथेच लेखक म्हणून नावारूपाला आले. तुमच्याकडे गावाचं अंतर आहे आणि मुंबईची लोकलही आहे, दोन्ही वापरा. चाकरमान्यांच्या खोलीतलं कोकण, म्हणजे गावकीच्या सभा, भिशी, गावच्या देवळासाठी काढलेली वर्गणी आणि तिचा न जुळणारा हिशेब, यावर आजच्या काळातलं लेखन मला फारसं दिसत नाही. तुम्ही तिथे रोज राहता.

रोज लिहावं का, सकाळी लिहावं का, या गोष्टींवर मला फार बोलायचं नाही. जमेल तेव्हा लिहा, पण एक कथा पूर्ण केल्याशिवाय दुसरी सुरू करू नका. झालेली कथा काही आठवडे बाजूला ठेवा, मग मोठ्याने वाचा. जिथे तुम्हालाच वाचायचा कंटाळा येईल तिथे खूण करा. बहुतेक खुणा पहिल्या पानावर आणि शेवटच्या परिच्छेदात पडतील, कारण पहिल्या पानावर लेखक घसा साफ करत असतो आणि शेवटच्या परिच्छेदात वाचकाला काही कळलं नसेल या भीतीने पुन्हा सांगत असतो. दोन्ही कापा. रत्नागिरीला गेलात तर तिथल्या जिल्हा नगर वाचनालयात एक दिवस काढा. १८२८ पासूनची संस्था आहे. जुन्या काळातल्या कथा वाचताना त्यांची फक्त पहिली पानं उतरवून घ्या आणि पात्राचं देणं कितव्या ओळीत कळतं ते बघा.

आता नातेवाईक. तुमच्या काकांनी स्वतःला ओळखलं तर ते रागावतील, आणि तो राग लटका नसेल. गावात दोन पिढ्या टिकेल. म्हणून नुसतं नाव बदलून भागत नाही. गाव बदला, धंदा बदला, शक्य असेल तर पुरुषाची बाई करा. आंब्याच्या बागायतदाराचा ट्रॉलरमालक केलात तर सगळे तपशील नव्याने शोधावे लागतात आणि त्या शोधात ते पात्र काकांपासून आपोआप सुटतं. बदलायचं नाही ते एकच, त्याचं देणं. एखाद्या खऱ्या खटल्यातली, खऱ्या सातबारावरची माहिती मात्र जशीच्या तशी घालू नका. तिथे प्रश्न रागापुरता राहत नाही. आणि एक गंमत सांगतो: ज्यांच्यावर लिहिलेलं असतं ते सहसा स्वतःला ओळखत नाहीत. ज्यांचा काही संबंध नसतो ते मात्र ‘हे माझ्यावरच लिहिलं’ म्हणून दारात येतात. त्यांना चहा द्या.

पाठवण्याविषयी थोडं. मराठी कथेचा मोठा बाजार अजूनही दिवाळी अंकांचा आहे; का. र. मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासूनचा. या अंकांची जुळवाजुळव उन्हाळा संपता संपता सुरू होते. ऑगस्टच्या शेवटी पाठवलेली कथा कितीही चांगली असली तरी तिला जागा नसते, आणि संपादकांचं मौन कधी कधी एवढ्याच कारणाने असतं. जूनमध्ये पाठवा. युनिकोडमध्ये टाइप करा, एका वेळी एकाच अंकाला एकच कथा द्या, सोबत चार ओळींचं पत्र पुरे. पत्रात कथेचा आशय समजावू नका. अनोळखी लेखकाची तीन-चार हजार शब्दांची कथा सात हजारांच्या कथेपेक्षा लवकर वाचली जाते. मानधन किती, हे विचारायला लाजू नका. दिवाळी होऊन गेली आणि उत्तर नाही, तर एक ओळ कळवून कथा दुसरीकडे द्या.

पुस्तक काढून देतो पण खर्च तुमचा, असं कुणी म्हणालं तर आत्ता तरी नको म्हणा. पुढे कधी करार करायची वेळ आली तर तो लेखी करा आणि मुदत लिहून घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात लेखकाचा हक्क हयातभर आणि पुढे ६० वर्षं असतो. हक्क दुसऱ्याला देताना कागदावर मुदतच लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. सही करण्याआधी कागद घरी नेऊन वाचा. आत्याच्या कथेची नवीन प्रत झाली की मला पाठवा, भावजयीच्या निवेदनातली. खोल्या बांधून झाल्या की नाही ते मला वाचायचं आहे.